दोन शर्यतींच्या मधला वेळ

ऑलिंपिकच्या ट्रॅकवर लांब पल्ल्याच्या दोन मुख्य शर्यती असतात. एक ५,००० मीटरची, म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकला साडेबारा फेऱ्या, आणि दुसरी १०,००० मीटरची, म्हणजे पंचवीस फेऱ्या. दर चार वर्षांनी एखाद्या मोठ्या धावपटूबद्दल तोच प्रश्न निघतो. याला दोन्ही जमतील का? क्रीडा पत्रकार त्याच्या आजवरच्या वेळा पाहतात, प्रतिस्पर्धी कोण आहेत ते पाहतात. मी डॉक्टर असल्यामुळे माझी नजर आधी वेळापत्रकावर जाते. पहिली शर्यत संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत या माणसाच्या हाती किती तास किंवा किती दिवस आहेत?

एक शर्यत जिंकायला वेग आणि दम लागतो. दुसरीही जिंकायची तर शरीर वेळेत सावरावे लागते. गेल्या शंभर वर्षांत ज्या धावपटूंनी दोन-दोन, तीन-तीन शर्यती मारल्या, त्यांच्या गोष्टी या 'सावरण्याच्या' गोष्टी आहेत. शरीर कसे सावरते याचे आमचे वैद्यकीय ज्ञानही साधारण त्याच काळात वाढत गेले.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचे? आम्ही कुठे ऑलिंपिकला चाललो आहोत! पण डेंग्यूतून उठून आठव्या दिवशी जिमला जाणारा तरुण, रविवारी हाफ मॅरेथॉन पळून पुढच्या रविवारी दुसरीत नाव नोंदवणारे पन्नाशीचे गृहस्थ आणि 'आता चालायला सुरुवात केलीय, रोज थोडे वाढवते' म्हणणाऱ्या मधुमेही आजी, या तिघांपुढे प्रश्न तोच असतो. कालच्या श्रमातून शरीर सावरले का? म्हणून हा इतिहास तुमच्यासाठी.

एका तासात दोन सुवर्णपदके

५,००० आणि १०,००० मीटर या शर्यती ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आल्या १९१२ साली, स्टॉकहोमला. पहिल्याच वेळी फिनलंडच्या हान्नेस कोलेहमायनेनने दोन्ही जिंकल्या. मध्ये दोन दिवसांचे अंतर होते. म्हणजे दुहेरी यशाचा हा हट्ट या शर्यतींइतकाच जुना आहे.

बारा वर्षांनी, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, त्याच देशाच्या पावो नुर्मीसमोर वेगळाच पेच होता. त्याला १,५०० आणि ५,००० मीटर पळायचे होते आणि दोन्ही अंतिम शर्यती एकाच दिवशी होत्या. मध्ये एक तासही नव्हता. नुर्मीने काय केले? त्याने आधी तालीम केली. जूनमध्ये हेलसिंकीला तासाभराच्या अंतराने तो दोन्ही शर्यती पळाला आणि दोन्हींत जागतिक विक्रम केला. मग १० जुलैला पॅरिसमध्ये १,५०० मीटर ३ मिनिटे ५३.६ सेकंदांत आणि तासाच्या आत ५,००० मीटर १४ मिनिटे ३१.२ सेकंदांत जिंकला. हातात स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक फेरीची वेळ पाहत तो पळत असे. उगाच उसळी मारायची नाही, एकसारखा वेग ठेवायचा, ही त्याची पद्धत.

तासाभरात हे कसे जमले? त्याच काळात इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड हिल हे शास्त्रज्ञ नेमका हाच विषय अभ्यासत होते. पाठीवर श्वासातली हवा गोळा करण्याची पिशवी बांधून ते स्वतः गवताच्या छोट्या ट्रॅकवर धावत. स्नायूंच्या कामाबद्दल त्यांना आणि जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांना मिळून १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिल यांनी मांडले की जोरात पळताना स्नायूंना मिळणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा मागणी जास्त होते, तेव्हा शरीर जणू उसनवारी करते. थांबल्यावरही आपण धापा टाकत राहतो, ते हे उसने फेडण्यासाठी. 'ऑक्सिजनचे कर्ज' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला.

पुढे या कल्पनेत बरीच दुरुस्ती झाली. स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट हा केवळ कचरा नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. जोराच्या व्यायामानंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पुन्हा खाली येते, आणि थांबून बसण्यापेक्षा हळूहळू चालत राहिले तर ते लवकर उतरते. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे, असे आजही अनेकजण सांगतात. ते खरे नाही. ते तर रात्रीच्या जेवणाआधीच गेलेले असते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे कारण वेगळे आहे, त्याकडे पुढे येऊ.

नुर्मीच्या दोन्ही शर्यतींचे अंतर मिळून साडेसहा किलोमीटर होते. त्यात स्नायूंतला इंधनाचा साठा संपत नाही. लॅक्टेट उतरायला जवळजवळ तास मिळाला, आणि सारख्या वेगाने पळाल्यामुळे ते मुळात बेताने वाढले. ज्या तासाला सगळे अशक्य म्हणत होते, तो त्याच्या शरीराला पुरला.

विश्रांतीही व्यायामाचाच भाग

१९३० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्गला वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयरोगतज्ज्ञ एकत्र आले. त्यांनी धावपटूंना थोडे अंतर जोरात पळवायला आणि मग नाडी मोजायला सुरुवात केली. धावताना नाडी १८० च्या आसपास जाऊ द्यायची, मग विश्रांती. दीड मिनिटाच्या आत ती १२० वर आली तरच पुढची धाव. नाही आली तर आजचा व्यायाम खेळाडूला झेपणारा नव्हता. हृदय बळकट होते ते मधल्या विश्रांतीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते जसेच्या तसे आज कोणी मानत नाही, पण 'विश्रांती मोजा' हा त्यांचा धडा टिकला. 'इंटरव्हल ट्रेनिंग' या नावाचा अर्थच मधले अंतर असा आहे.

ही पद्धत टोकाला नेली चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने. चारशे मीटरची एक फेरी जोरात, मग थोडे हळू धावणे, पुन्हा जोरात, असे तो एका दिवसात कित्येक वेळा करायचा. शर्यतीत मान वाकडी, चेहरा वेदनेने पिळवटलेला. बघणाऱ्याला वाटे हा आत्ता कोसळेल. १९४८ ला लंडनमध्ये त्याने १०,००० मीटर जिंकले, पण ५,००० मध्ये बेल्जियमच्या गॅस्टन राइफच्या मागे दुसरा आला. दुहेरी यश थोडक्यात हुकले.

चार वर्षांनी हेलसिंकीला, २० जुलै १९५२ रोजी, त्याने १०,००० मीटर जिंकले. २४ जुलैला शेवटच्या फेरीत तिघांना मागे टाकून ५,००० जिंकले. त्याच दुपारी त्याची पत्नी दाना हिने भालाफेकीचे सुवर्ण मिळवले. आणि २७ जुलैला, आयुष्यात पूर्वी कधीही न पळालेला मॅरेथॉन त्याने २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत जिंकला. आठ दिवसांत तीन सुवर्ण. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही.

झाटोपेकची फुप्फुसे काही दैवी नव्हती. थकायचे, अर्धवट सावरायचे आणि पुन्हा थकायचे, याचा सराव त्याच्या शरीराला वर्षानुवर्षे झालेला होता. सावरणे हीदेखील एक क्षमता आहे आणि ती सरावाने वाढते.

तुमच्या आयुष्यात हीच गोष्ट एका तपासणीत दिसते. ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात ती टीएमटी तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. त्या रिपोर्टवर व्यायाम थांबवल्यानंतर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली हेही असते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी दोन हजार चारशेहून अधिक लोकांचा सुमारे सहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायामानंतर सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले. नाडी किती चढली एवढेच पाहू नका, किती चटकन उतरली तेही डॉक्टरांना विचारा. फक्त तुम्ही मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी घेत असाल तर या आकड्यांचा अर्थ बदलतो, म्हणून तो स्वतःचा स्वतः लावू नका.

स्नायूंतली कोठी

झाटोपेक सावरत होता म्हणजे आत नेमके काय घडत होते, हे त्याला किंवा त्याच्या डॉक्टरांना सांगता आले नसते. ते कळले १९६६ मध्ये. स्वीडनच्या योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी प्रयोगासाठी स्वतःचेच पाय वापरले. सायकलच्या यंत्रावर प्रत्येकाने एकच पाय थकेपर्यंत चालवला, दुसऱ्याला आराम दिला. मग सुईने मांडीच्या स्नायूचे कण काढून दोन्ही पायांतले ग्लायकोजेन मोजले. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, आपल्या घरातली धान्याची कोठीच म्हणा. दमलेल्या पायातली कोठी रिकामी होती. त्यानंतर त्यांनी तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतला. दमलेल्या पायातली कोठी नुसती भरली नाही, तर आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरली.

यातून दोन गोष्टी कळल्या. रिकामी झालेली कोठी भरायला एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. आणि ती भरते ती खाण्याने. दोन शर्यतींच्या मध्ये खेळाडूच्या ताटात काय आहे, याला एकदम महत्त्व आले. भात, भाकरी, केळी, बटाटा यांचा अपमान करणाऱ्या आजच्या 'कार्ब बंद' मंडळींनी हे लक्षात ठेवावे. बैठे काम करणाऱ्याने भात बेताने खावा हे खरे, पण आज सकाळी वीस किलोमीटर पळून आलेल्याला तो नियम लागू नाही.

मधुमेही रुग्णांनी हा भाग दोनदा वाचावा. मोठा व्यायाम झाल्यावर स्नायू पुढचे चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, रक्तातली साखर ओढून कोठी भरत राहतात. व्यायामाने साखर आटोक्यात येते त्याचे हे एक कारण. पण तुम्ही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर सकाळच्या मोठ्या ट्रेकनंतर रात्री झोपेत साखर धोकादायक उतरू शकते. अशा दिवशी झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि डोसाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

केनोची गोष्ट प्रेरणेसाठी वापरू नका

१९६८ चे ऑलिंपिक मेक्सिको सिटीत झाले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच. हवा विरळ, ऑक्सिजन कमी. केनियाचा किपचोगे केनो तिथे १०,०००, ५,००० आणि १,५०० अशा तीन शर्यतींत उतरला. त्याच्या पित्ताशयाला संसर्ग झालेला होता. १०,००० च्या अंतिम शर्यतीत थोड्या फेऱ्या उरल्या असताना तो पोटदुखीने ट्रॅकबाहेर कोसळला. डॉक्टरांनी न धावण्याचा सल्ला दिला. चार दिवसांनी तो ५,००० पळाला आणि ०.२ सेकंदाने सुवर्ण हुकले. आणखी तीन दिवसांनी १,५०० मीटर त्याने ३ मिनिटे ३४.९ सेकंदांत जिंकले, दुसऱ्याला सुमारे वीस मीटर मागे टाकून.

ही गोष्ट 'जिद्द असेल तर आजार काय करणार' अशा मथळ्याखाली व्हॉट्सॲपवर फिरते. डॉक्टर म्हणून मला ती ऐकताना काळजी वाटते. केनो उंचावरच्या प्रदेशात जन्मलेला, वाढलेला, जगातल्या सर्वोत्तम धावपटूंपैकी एक होता, आणि तरीही पहिल्या शर्यतीत त्याचे शरीर ट्रॅकवर कोसळलेच. संसर्ग असताना जोराचा व्यायाम केल्यावर प्रत्येकाची गोष्ट सुवर्णपदकाने संपत नाही. विषाणूजन्य तापात काही वेळा हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. अशा हृदयावर ताण दिला तर ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो, अगदी विशीतल्या तरुणाचासुद्धा. ताप, अंगदुखी, छातीत दुखणे, धडधड, चालताना लागणारा दम यांपैकी काहीही असेल तर बिब नंबर आला असला, फी भरली असली तरी पळायचे नाही.

आडमार्ग

१९७२ चे म्युनिक. १०,००० च्या शर्यतीत निम्मे अंतर होण्याच्या सुमारास फिनलंडचा लासे विरेन धक्क्याने पडला. उठला, पुढच्यांना गाठले आणि जागतिक विक्रमासह जिंकला. आठवड्याने ५,००० ही जिंकले. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये त्याने दोन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या आणि दुसऱ्याच दिवशी मॅरेथॉन पळून पाचवा आला. दोन ऑलिंपिकमध्ये दुहेरी यश. त्याची बरोबरी व्हायला ब्रिटनच्या मो फराहच्या २०१२ आणि २०१६ च्या यशाची वाट पाहावी लागली.

विरेनबद्दल तेव्हापासून कुजबुज होती की तो रक्त बदलून घेतो. त्याने हे कायम नाकारले आणि ते कधी सिद्धही झाले नाही. पण कुजबुज हवेतून आली नव्हती. १९७२ मध्येच स्टॉकहोमच्या ब्योर्न एक्ब्लोम यांनी दाखवले होते की माणसाचे रक्त काढून साठवले आणि शरीराने तूट भरून काढल्यावर तेच परत चढवले, तर लाल पेशी वाढतात आणि शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चांगलीच वर जाते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्याच कार्लो मानिंकाने १०,००० मध्ये रौप्य आणि ५,००० मध्ये कांस्य मिळवले. नंतर त्याने रक्त चढवून घेतल्याची कबुली दिली. त्या वेळी ते नियमबाह्य नव्हते. बंदी आली १९८० च्या दशकाच्या मध्यात.

मग आले एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओचे इंजेक्शन. तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल तर हे नाव ओळखीचे असेल. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्त तयार करण्याचा संदेश देणारे हे संप्रेरक कमी पडते, म्हणून ते टोचून देतात. त्या रुग्णांसाठी ते वरदान ठरले. खेळाडूंनी ते चोरून वापरले आणि त्याची चाचणी ऑलिंपिकमध्ये यायला २००० साल, सिडनी उजाडले. निरोगी माणसात या इंजेक्शनाने रक्त इतके दाट होऊ शकते की गुठळी होऊन हृदयविकार किंवा पक्षाघात व्हावा. औषध तेच, पण तूट भरून काढण्यासाठी दिले तर उपचार आणि भरलेल्या घड्यात आणखी ओतले तर विष.

बायकांना थांबवले कोणी?

इथपर्यंत एकाही स्त्री धावपटूचे नाव आले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. कारण स्त्रियांसाठी या शर्यतीच नव्हत्या. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. शेवटी काहीजणी धापा टाकत जमिनीवर बसल्या, जसे पुरुषही बसतात. वर्तमानपत्रांनी मात्र बायका पटापट कोसळल्याचे रंगवून छापले. स्त्रीशरीराला हे झेपत नाही, गर्भाशयावर परिणाम होईल, असे सांगणाऱ्यांत आमच्या व्यवसायातले लोकही होते. ती शर्यत बंद झाली ती १९६० पर्यंत. स्त्रियांचे १०,००० मीटर ऑलिंपिकमध्ये आले १९८८ ला आणि ५,००० मीटर १९९६ ला. पुरुषांनंतर तब्बल ८४ वर्षांनी.

दार उघडल्यावर मात्र वेळ लागला नाही. २००८ मध्ये बीजिंगला इथिओपियाच्या तिरुनेश दिबाबाने दोन्ही शर्यती जिंकल्या. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताच्या प्रीजा श्रीधरनने १०,००० मध्ये सुवर्ण आणि ५,००० मध्ये रौप्य मिळवले. त्याच दोन शर्यतींत नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या आपल्या कविता राऊतने रौप्य आणि कांस्य जिंकले.

आणि मग सिफान हसन. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्ससाठी पळणारी. करोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती १,५००, ५,००० आणि १०,००० अशा तिन्ही शर्यतींत उतरली. २ ऑगस्टला सकाळी १,५०० च्या प्राथमिक फेरीत शेवटचा लॅप सुरू होताना पडली, उठली आणि ती फेरी जिंकली. त्याच संध्याकाळी ५,००० चे सुवर्ण. पुढे १,५०० चे कांस्य आणि दुसऱ्या दिवशी १०,००० चे सुवर्ण. नऊ दिवसांत सहा वेळा धावून साडेचोवीस किलोमीटर. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने याहून मोठे धाडस केले. ५,००० आणि १०,००० मध्ये कांस्य घेतले आणि १०,००० नंतर दोनच दिवसांनी मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले. ज्या शरीराला ८०० मीटर झेपत नाहीत असे म्हणत होते, त्याच शरीराने हे केले.

इथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. 'डॉक्टर, व्यायाम केला की दोन दिवस अंगात त्राण राहत नाही' असे म्हणणाऱ्या स्त्रीला आळशी ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. आडमार्गाने रक्त वाढवणारे खेळाडू एकीकडे आणि लोहाच्या साध्या गोळीवाचून दमणाऱ्या आपल्या लेकीसुना दुसरीकडे.

मांडव्याचा अविनाश

आपल्याकडचे ताजे उदाहरण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेचे. सैन्यातल्या महार रेजिमेंटमधून पुढे आलेला हा धावपटू २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दोन शर्यतींत उतरला. १ ऑक्टोबरला ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकून त्याने सुवर्ण घेतले. तीन दिवसांनी ५,००० मीटरमध्ये रौप्य.

हे तीन दिवस वैद्यकीयदृष्ट्या अवघड असतात. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. पस्तीस वेळा उंचावरून एका पायावर उतरायचे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मघाशी ज्या दुखण्याचे कारण बाकी ठेवले होते ते हेच. हे दुखणे एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वात जास्त असते, म्हणजे नेमके अविनाशच्या दुसऱ्या शर्यतीपर्यंत. सिंहगड चढताना दम लागतो, पण तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते ती गड उतरल्यामुळे, हे तुम्ही अनुभवलेच असेल. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचे स्नायू अशा उतरण्याला सरावलेले होते, म्हणून तो उभा राहिला.

तुमच्या मधल्या वेळेचे काय?

या सगळ्यातून तुम्ही घरी काय न्यायचे?

सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल तर शरीर अजून सावरलेले नाही किंवा आत काही शिजते आहे. त्या दिवशी फक्त चाला.

जोराचा व्यायाम लागोपाठ दोन दिवस करू नका, विशेषतः पन्नाशीनंतर. वय वाढते तसा सावरायला वेळ जास्त लागतो. मधल्या दिवशी चालणे, हलके ताणाचे व्यायाम आणि पुरेशी झोप. झोपेची जागा कुठलीही पावडर घेत नाही.

व्यायामानंतर तास-दोन तासांत नीट जेवा. पोळी-भात, वरण किंवा उसळ, दही, एखादे फळ. चालत्या-बोलत्या माणसाला एवढे पुरते.

दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन शर्यतीला उभे राहू नका. घामाने शरीर सुकलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू कमालीचे दुखत असतील तर घरी न थांबता रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडात अडकत असण्याची ती खूण असू शकते.

तापातून उठल्यावर ताप पूर्ण जाऊन, भूक आणि झोप पूर्ववत झाल्यावरच सुरुवात करा, आणि तीही पूर्वीच्या निम्म्याने. डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, करोना यांतून उठला असाल तर कधी सुरू करायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. छातीत दुखणे, चक्कर किंवा धडधड असेल तर आधी ईसीजी, मग बूट.

पुढच्या ऑलिंपिकमध्ये 'याला दोन्ही जमतील का' ही चर्चा रंगेल तेव्हा तुम्हीही वेळापत्रक काढून बघा. मध्ये किती दिवस आहेत ते मोजा. आणि तुमच्या पुढच्या दोन रविवारांच्या मधले दिवसही मोजा. ते तुमच्या शरीराला पुरतात का, हे ठरवायला पदक लागत नाही, सकाळची नाडी पुरेशी आहे.